माणसांची गणती : आरंभीचे अमेरिकन प्रजासत्ताक आणि नाशिक

(नाशिक येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



नाशिकच्या शरणपूर रस्त्यावरून रोज हजारो माणसे ये-जा करतात. शरणपूर म्हणजे आश्रयाचे गाव. १८५४ साली चर्च मिशनरी सोसायटीने ही वसाहत वसविली. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलाम म्हणून पळवून नेलेली जी मुले ब्रिटिश आरमाराने अरबी गलबतांतून सोडविली, त्यांतील अनेकांना या वसाहतीत आणून ठेवण्यात आले. येथे त्यांनी अक्षरे गिरविली. सुतारकाम, लोहारकाम शिकून घेतले. त्यांपैकी जेकब वेनराइट नावाचा तरुण पुढे डेव्हिड लिव्हिंग्स्टन या प्रवाशाच्या तुकडीत सामील झाला. मे १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या अंतर्भागात मरण पावला, तेव्हा त्याचा देह शेकडो मैल वाहून समुद्रकिनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत वेनराइट होता, आणि १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत त्या शवपेटीला हात देणाऱ्यांतही तो होता. नाशिकमध्ये शिकलेला एक मुक्त गुलाम इंग्लंडच्या राजेरजवाड्यांच्या दफनभूमीत उभा राहिला, ही घटना नाशिककरांच्या स्मरणात फारशी उरलेली नाही.

त्याच १८७३ सालच्या १ जून रोजी पुण्यात जोतीराव फुले यांचा ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. जोतीरावांनी तो संयुक्त संस्थानांतील सदाचारी लोकांना अर्पण केला. निग्रो गुलामांना दास्यातून सोडविण्यासाठी त्या लोकांनी जो त्याग केला, त्याचा गौरव करून आपल्या देशबांधवांनीही शूद्र बांधवांच्या मुक्ततेसाठी तोच कित्ता गिरवावा, अशी त्यांची अपेक्षा होती. वऱ्हाडापासून कोकणापर्यंत पसरलेल्या शूद्रातिशूद्रांच्या दुःखाला एका माळी समाजातील सुधारकाने सातासमुद्रापलीकडच्या प्रजासत्ताकाच्या इतिहासाशी जोडून दाखविले, ही मराठी विचारविश्वातील असाधारण गोष्ट होय.

परंतु जोतीरावांनी ज्या अमेरिकेला वंदन केले, ती १८६५ नंतरची अमेरिका होती. चार वर्षांच्या यादवीत लाखो माणसे बळी दिल्यानंतर तिने सुमारे ४० लाख गुलामांना मुक्त केले होते. ज्या प्रजासत्ताकाने आपल्या जन्माच्याच दिवशी सर्व माणसे समान असल्याची घोषणा केली, त्याला इतक्या वर्षांनी इतके रक्त का सांडावे लागले? या प्रश्नाचे उत्तर त्या राष्ट्राच्या पहिल्या पन्नास-साठ वर्षांच्या राजकारणात, अर्थकारणात व समाजरचनेत आहे. आणि तो हिशेब तपासताना जागोजागी स्वतःचा चेहरा दिसू लागतो, म्हणूनच तो येथे मांडावयाचा.

कोणत्याही प्रजासत्ताकाच्या तीन वह्या तपासाव्या लागतात. पहिली माणसांच्या गणतीची, दुसरी कर्जाची आणि तिसरी जमिनीची. जाहीरनामे सर्वांचेच सुंदर असतात; खरे काय ते या वह्यांत लिहिलेले असते.

पहिली वही : माणसांची

४ जुलै १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा मुख्य लेखक थॉमस जेफर्सन हा व्हर्जिनियातील जमीनदार. त्याने आपल्या हयातीत सहाशेहून अधिक गुलाम बाळगले. गुलामांच्या व्यापाराचा दोष इंग्लंडच्या राजाच्या माथी मारणारा एक परिच्छेद त्याने मूळ मसुद्यात घातला होता. पण दक्षिणेकडील वसाहतींचा विरोध आणि उत्तरेकडील व्यापाऱ्यांची अडचण ओळखून तोही गाळण्यात आला. राष्ट्राच्या पहिल्याच कागदावर पहिली खाडाखोड झाली ती या प्रश्नावर.

१७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात संविधान परिषद भरली. निरनिराळ्या वेळी मिळून ५५ प्रतिनिधी हजर राहिले. १७ सप्टेंबरला त्यांपैकी ३९ जणांनी सही केली. वकील, व्यापारी, जमीनदार, सावकारी रोखे बाळगणारे, अशी ही मंडळी. लहान शेतकऱ्यांचे आणि कारागिरांचे प्रतिनिधी जवळजवळ नव्हतेच. स्त्रिया, काळे लोक आणि मूळ रहिवासी यांचा तर प्रश्नच उद्भवला नाही. प्रतिनिधिगृहातील जागा लोकसंख्येच्या प्रमाणात वाटावयाच्या ठरल्या, तेव्हा पेच निर्माण झाला. दक्षिणेकडील मालक एरवी गुलामाला मालमत्ता समजत. पण जागा मोजावयाची वेळ येताच तो त्यांना माणूस वाटू लागला. उत्तरेकडच्यांनी हरकत घेतली. अखेर तडजोड झाली : पाच गुलाम म्हणजे तीन माणसे.

या तडजोडीचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. गुलामाला तीन-पंचमांश मत मिळाले, असा त्याचा अर्थ नव्हे. त्याला मत मुळीच नव्हते. त्याच्या नावावर वाढलेले मताचे वजन त्याच्या मालकाच्या पारड्यात पडले. ज्याला साखळदंडात ठेवावयाचे त्याच्याच संख्येच्या बळावर साखळदंड राखणारे कायदे करावयाचे, अशी ही योजना होती. त्याच संविधानाने आफ्रिकेतून गुलाम आणण्याच्या व्यापाराला १८०८ पर्यंत अभय दिले, आणि पळून गेलेला गुलाम कोणत्याही राज्यात सापडला तरी मालकाच्या स्वाधीन करण्याचे बंधन घातले. आणि हे सारे करताना मूळ संविधानात ‘गुलाम’ हा शब्द एकदाही येऊ दिला नाही. लाज वाटत होती. पण लाजेपेक्षा लाभ मोठा होता.

१७९० मध्ये पहिली जनगणना झाली. एकूण लोकसंख्या सुमारे ३९ लाख; त्यांत गुलाम सुमारे ७ लाख, म्हणजे शंभरांत अठरा. या गणतीचा परिणाम लवकरच दिसला. १८०० च्या निवडणुकीत जेफर्सन विरुद्ध अ‍ॅडम्स अशी लढत ७३ विरुद्ध ६५ अशी सुटली. गुलामांच्या संख्येमुळे दक्षिणेला मिळालेली जादा निर्वाचक मते वगळली असती तर निकाल उलटा लागला असता, असे अनेक इतिहासकारांनी दाखवून दिले आहे. पहिल्या पाच अध्यक्षांपैकी चौघे व्हर्जिनियातील गुलाममालक होते, हा योगायोग नव्हता.

राजधानीच्या इमारतीही याला साक्ष आहेत. १७९३ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टनने ज्या कॅपिटॉलचा कोनशिला समारंभ केला, त्याच्या उभारणीत भाड्याने घेतलेले गुलाम राबले. मजुरी मात्र मालकांच्या खिशात गेली. लोकशाहीच्या त्या मंदिरात ज्यांचे हात लागले, त्यांना आत बसण्याचा अधिकार नव्हता.

मंदिराचा उल्लेख आलाच आहे, तर पंचवटीची आठवण होणे स्वाभाविक आहे. अठराव्या शतकाच्या त्याच अखेरच्या काळात सरदार रंगराव ओढेकर यांनी काळारामाचे मंदिर बांधविले. अमेरिकेत प्रजासत्ताकाची इमारत उभी राहत होती, तेव्हा येथे उत्तर पेशवाईचा काळ होता. त्या राज्यात कुणबिणींची खरेदी-विक्री होई आणि अस्पृश्यांना सार्वजनिक जीवनात स्थान नव्हते. फिलाडेल्फियात निदान समतेची भाषा बोलली जात होती. येथे विषमता हाच धर्म होता. हा फरक लहान नाही. पण २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो सत्याग्रही काळारामाच्या दारात उभे राहिले, तेव्हा मंदिराचे सर्व दरवाजे बंद करण्यात आले. त्या वर्षीच्या रामनवमीला रथाच्या वेळी सत्याग्रहींवर दगड पडले. दादासाहेब गायकवाड, अमृतराव रणखांबे आदी कार्यकर्त्यांनी सुमारे पाच वर्षे तो लढा तेवत ठेवला. दार उघडले नाही. त्यानंतर १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा केली. शिरगणतीत हिंदू म्हणून मोजावयाचे आणि देवळाच्या दारात मोजावयाचे नाही, हे आपल्याकडील तीन-पंचमांशाचे कलमच होते. ते कोणत्याही कागदावर लिहावे लागले नाही, एवढेच.

दुसरी वही : कर्जाची

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्ध लढले ते बहुतांशी शेतकऱ्यांच्या मुलांनी. त्यांना पगाराऐवजी कागदी रोखे मिळाले. घरी परतल्यावर गरजेपायी ते रोखे त्यांनी कवडीमोलाने विकले. मॅसॅच्युसेट्स राज्याने युद्धाचे कर्ज फेडण्यासाठी जबर कर बसविले आणि ते नाण्यांत मागितले. खेड्यांत नाणे नव्हते. सावकारांनी दावे लावले, न्यायालयांनी हुकूमनामे दिले, जमिनी-जनावरे लिलावात गेली. काही कर्जदार तुरुंगात पडले. १७८६ च्या ऑगस्टपासून शेतकरी जमावाने जाऊन न्यायालयांची कामकाजे बंद पाडू लागले. न्यायालय बसलेच नाही तर हुकूमनामा निघणार नाही, हा त्यांचा साधा हिशेब होता. त्यांच्या पुढाऱ्यांपैकी डॅनियल शेज हा त्याच स्वातंत्र्ययुद्धातील कप्तान. जानेवारी १७८७ मध्ये स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारासमोर तोफा डागून हे बंड मोडण्यात आले. ज्या फौजेने ते मोडले तिचा खर्च श्रीमंत व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून भागविला होता.

याच बंडाच्या भीतीची छाया फिलाडेल्फियाच्या परिषदेवर होती. म्हणून नव्या संविधानाने राज्यांना कागदी चलन काढण्यास आणि कराराचे बंधन शिथिल करणारे कायदे करण्यास मनाई केली. पुढे १७९० मध्ये अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन याने सर्व रोख्यांची पूर्ण किमतीने फेड करण्याची योजना मांडली. मूळ सैनिकाला त्यातला काही वाटा मिळावा, अशी सूचना जेम्स मॅडिसन याने केली. ती फेटाळण्यात आली. रक्त सांडणाऱ्याच्या हाती काही लागले नाही. त्याचा रोखा कवडीला घेणाऱ्याला पूर्ण रुपया मिळाला. हॅमिल्टनच्या योजनेने राष्ट्राची पत उभी राहिली, हे खरे. उद्योगधंद्यांना संरक्षण देण्याचा त्याचा १७९१ चा अहवालही दूरदृष्टीचा होता. पण पत कोणाच्या घामावर उभारली गेली, हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही. ती फेड करण्यासाठी व्हिस्कीवर कर बसला. १७९४ मध्ये सीमेवरील शेतकऱ्यांनी तो देण्याचे नाकारताच सुमारे १३ हजार सैनिक त्यांच्यावर धाडण्यात आले.

महाराष्ट्रातील वाचकाला ही कहाणी परकी वाटू नये. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल करून खतपत्रे जाळली, आणि हे लोण पुणे व नगर जिल्ह्यांत पसरले. तेथेही शेतकऱ्याचा राग माणसापेक्षा कागदावर होता. मॅसॅच्युसेट्सच्या शेतकऱ्याने न्यायालय अडविले. दख्खनच्या शेतकऱ्याने न्यायालयात जाणारा कागदच जाळला.

या दोन उठावांमध्ये केवळ साम्य नाही. एक प्रत्यक्ष धागाही आहे, आणि तो कापसाचा आहे. १७९३ मध्ये एली व्हिटनीने सरकी काढण्याचे यंत्र बनविले. तोवर गुलामगिरी हळूहळू आपोआप विरून जाईल, अशी अनेक सद्गृहस्थांची समजूत होती. यंत्राने ती खोटी ठरविली. सरकी काढण्याचे श्रम कमी होताच कापूस लावण्याचे व वेचण्याचे श्रम कितीतरी पटींनी वाढले. १७९० मध्ये काही हजार गाठी कापूस पिकविणाऱ्या देशात १८६० पर्यंत सुमारे ४० लाख गाठी पिकू लागल्या. गुलामांची संख्याही ७ लाखांवरून ४० लाखांच्या घरात गेली. यंत्र आले म्हणजे माणूस सुटतो, हा भ्रम आहे. यंत्र कोणाच्या मालकीचे आणि कोणत्या समाजरचनेत चालते, यावर ते अवलंबून असते.

लँकेशायरच्या गिरण्यांचा तीन-चतुर्थांशाहून अधिक कापूस याच गुलामांच्या हातून येत असे. १८६१ मध्ये यादवी सुरू झाली, दक्षिणेची बंदरे कोंडली गेली आणि गिरणीवाल्यांनी हिंदुस्थानकडे नजर वळविली. खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे मोल आले. मुंबईत पैशाचा पूर आला, प्रेमचंद रायचंदांसारख्या सट्टेबाजांचे नाव गाजले, बॅक बे कंपनीचे भाग आकाशाला भिडले. थळघाटाचा लोहमार्ग १८६५ च्या आरंभी खुला झाला आणि नाशिकमार्गे मुंबईची वाट गाडीला मोकळी झाली. आणि त्याच वर्षी अमेरिकेतील युद्ध संपून भाव कोसळले. तेजीच्या दिवसांत सावकाराने शेतकऱ्याला सढळ हाताने कर्ज दिले होते. मंदी येताच हात आखडता घेऊन वसुली सुरू केली. त्यातच तीस वर्षांच्या जमाबंदीची मुदत संपली आणि तेजीतील भाव पाहून सरकारने सारा वाढविला. पुणे-नगर हा काही कापसाचा मुख्य मुलूख नव्हे. पण भाव, मजुरी आणि पत यांची लाट पिकाची सीमा पाहत नाही. मिसिसिपीच्या मळ्यातील गुलामाच्या पाठीवरचा वळ आणि सुप्याच्या बाजारातील जळते खत एकाच बाजारपेठेने जोडलेले होते. जागतिक अर्थव्यवस्था हा शब्द पुस्तकांत येण्यापूर्वी कुणब्याने तिचे चटके सोसले होते.

मात्र एक भेद प्रामाणिकपणे नोंदला पाहिजे. शेजचे बंड मोडल्यानंतर काही महिन्यांतच, १७८७ च्या निवडणुकीत मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी गव्हर्नर बोडनचा पराभव केला; नव्या विधिमंडळाने करांचा भार हलका केला, बहुतेक बंडखोरांना माफी मिळाली. सुप्याच्या शेतकऱ्याला मतच नव्हते. त्याच्यासाठी सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा केला. रोख्यामागील खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला. दिलासा मिळाला, पण तो वरून आला. तिकडे बंदुकीने हरलेला शेतकरी मतपेटीने काही प्रमाणात जिंकला. अपुऱ्या, मतलबी प्रजासत्ताकातसुद्धा मत हे हत्यार आहे, हा धडा विसरून चालणार नाही.

तिसरी वही : जमिनीची

१८२० ते १८४० या काळात अमेरिकेत मतदानासाठी मालमत्तेची अट राज्याराज्यांतून उठत गेली. याला सामान्य माणसाचे युग म्हणतात. पण न्यू यॉर्कने १८२१ मध्ये गोऱ्यांसाठी ही अट जवळजवळ काढून टाकताना काळ्यांसाठी २५० डॉलर मालमत्तेची अट कायम ठेवली. पेनसिल्व्हेनियाने १८३८ मध्ये काळ्यांचे मत काढूनच घेतले. न्यू जर्सीत मालमत्ता बाळगणाऱ्या स्त्रियांना मत होते. ते १८०७ मध्ये गेले. म्हणजे लोकशाही रुंदावत असतानाच तिच्या कडेला नवे कुंपण पडत होते. गोऱ्या मजुराला मत मिळाले, जमीन नाही; पण आपण काळा नाही, हे समाधान मिळाले. वरच्या पायरीवरच्याने लुबाडले तरी खालच्या पायरीवर कोणीतरी आहे, या समाधानावर जातिव्यवस्था शतकानुशतके कशी टिकते, हे येथील कार्यकर्त्याला निराळे सांगावयास नको.

त्या काळातही वेगळे बोलणारे कामगार होते. १८०६ मध्ये फिलाडेल्फियाच्या चांभार कारागिरांनी मजुरीवाढीसाठी संघटना केली म्हणून त्यांना कटाच्या आरोपाखाली दोषी ठरवून प्रत्येकी आठ डॉलर दंड करण्यात आला. स्वतंत्र देशाच्या न्यायालयाने त्यासाठी जुन्या इंग्रजी कायद्याचा आधार घेतला. तरीही १८२८ मध्ये फिलाडेल्फियात आणि १८२९ मध्ये न्यू यॉर्कमध्ये कामगारांचे पक्ष उभे राहिले. न्यू यॉर्कच्या पक्षातील थॉमस स्किडमोर या यांत्रिक कारागिराने त्याच वर्षी एक पुस्तक लिहून मागणी केली की, वारसाहक्क बंद करावा आणि प्रत्येक सज्ञान व्यक्तीला, स्त्री असो, काळा असो वा मूळ रहिवासी असो, राष्ट्राच्या मालमत्तेत समान वाटा द्यावा. वर्ष संपण्यापूर्वीच पक्षातील सौम्य मंडळींनी त्याला बाहेर काढले. कामगार पक्षांतील असे तंटे किती जुने आहेत, हेही यावरून कळून येते!

स्किडमोरच्या आधी हाच प्रश्न थॉमस पेनने विचारला होता. १७७६ च्या जानेवारीत निघालेल्या ज्याच्या पुस्तिकेने अमेरिकन जनतेला स्वातंत्र्याकडे ओढले, त्याच पेनने १७९७ मध्ये असे मांडले की, पृथ्वी मुळात सर्वांची सामाईक ठेव आहे. जमीन खासगी करणाऱ्याने समाजाला भाडे देणे लागते. त्या निधीतून प्रत्येकाला एकविसाव्या वर्षी १५ पौंड आणि पन्नाशीनंतर दरवर्षी १० पौंड मिळावेत. ही भीक नव्हे, हक्क आहे, असे तो म्हणे. १८०९ मध्ये न्यू यॉर्कमध्ये तो मेला, तेव्हा त्याच्या अंत्ययात्रेला मोजकी माणसे होती. राष्ट्राने ज्याला विसरले त्याचे माणसाच्या हक्कांवरील पुस्तक पुढे पुण्यातील एका तरुणाने वाचले. जोतीरावांच्या विचारावर पेनचा ठसा उमटला, हे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदले आहे. विचार असा प्रवास करतात.

जमीन कोणाची, या प्रश्नाची सर्वांत क्रूर नोंद मूळ रहिवाशांच्या खात्यावर आहे. चेरोकी लोकांनी आपली लिपी घडविली, १८२७ मध्ये आपले संविधान लिहिले, १८२८ मध्ये वृत्तपत्र काढले. सुधारणेच्या ज्या ज्या अटी गोऱ्यांनी घातल्या, त्या सर्व त्यांनी पुऱ्या केल्या. तरीही १८३० मध्ये त्यांना हुसकावण्याचा कायदा झाला. १८३२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला. तो कागदावरच राहिला. १८३८-३९ मध्ये सुमारे १६ हजार माणसांना पश्चिमेकडे हाकलण्यात आले आणि त्यांतील अंदाजे ४ हजार मेली. मोकळ्या झालेल्या जमिनींवर कापूस लागला आणि कापसासाठी गुलाम आले. तिन्ही वह्यांचा हिशेब येथे एकत्र येतो.

१८६५ मध्ये गुलाम मुक्त झाले, पण जमिनीविना. जनरल शर्मनने जानेवारी १८६५ मध्ये किनाऱ्यावरील जमिनी त्यांना वाटण्याचा हुकूम काढला. काही महिन्यांतच अध्यक्ष जॉन्सनने त्यांतील बहुतेक जुन्या मालकांना परत केल्या. मुक्त झालेला माणूस त्याच मळ्यात बटाईने राबू लागला आणि कर्जाच्या वहीत पुन्हा बांधला गेला. काळारामाच्या दारात झगडलेले, दिंडोरी तालुक्यातील आंब्याचे दादासाहेब गायकवाड पुढे भूमिहीनांच्या सत्याग्रहाकडे का वळले, याचे उत्तर येथे मिळते. दार उघडले तरी पोट रिकामे असेल तर माणूस उंबऱ्यावरच राहतो, हे त्यांनी ओळखले होते. १९६४-६५ च्या देशव्यापी लढ्यात पडीक जमीन भूमिहीनांना द्या, या मागणीसाठी मोठ्या संख्येने लोक तुरुंगात गेले.

आणि ६ मार्च २०१८ रोजी याच नाशिकमधून हजारो शेतकरी, बहुसंख्य आदिवासी, पायी मुंबईकडे निघाले. कसत असलेली वनजमीन नावावर करा, ही त्यांची मुख्य मागणी. २००६ चा वनहक्क कायदा त्यांच्या बाजूने होता; पण चेरोकींच्या निकालासारखा तोही बराचसा कागदावर होता. दहावीच्या मुलांच्या परीक्षेत अडथळा नको म्हणून त्यांनी शेवटचा टप्पा रात्रीतून तुडविला आणि १२ मार्चला सोललेल्या पायांनी ते आझाद मैदानात बसले. सरकारला लेखी आश्वासन द्यावे लागले. तरीही अंमलबजावणीसाठी मार्च २०२३ मध्ये दिंडोरीहून पुन्हा चालावे लागले, यावरून कागद आणि जमीन यांतले अंतर किती मैलांचे असते, ते कळते.

हिशेबाचा अर्थ

या साऱ्यावरून दोन परस्परविरोधी निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. एक असा की, असली प्रजासत्ताके म्हणजे धनिकांचे नाटक. संविधान फाडून टाका. दुसरा असा की, संविधान उत्तम आहे; ते पुजले की पुरे. अमेरिकेतील गुलामगिरीविरोधी चळवळीतही हाच वाद झाला. विल्यम लॉइड गॅरिसनने ४ जुलै १८५४ रोजी भर सभेत संविधानाची प्रत जाळली. त्याचा संताप खोटा नव्हता. परंतु स्वतः गुलामगिरीतून पळून आलेला फ्रेडरिक डग्लस यापूर्वीच दुसऱ्या निर्णयाला आला होता. मालकांनी लिहिलेल्या कागदातील समतेचे शब्द मालकांविरुद्धच वापरले पाहिजेत, ते त्यांच्या हाती सोडून देऊ नयेत, असे त्याचे म्हणणे. जेफर्सनने लिहिलेले वाक्य जेफर्सनच्या मळ्यापुरते राहिले नाही, याचे श्रेय जेफर्सनचे नव्हे; ते वाक्य खरे करून दाखविण्यासाठी लढलेल्या गुलामांचे आणि त्यांच्या साथीदारांचे आहे.

न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात शिकलेले बाबासाहेब हा इतिहास जाणून होते. म्हणूनच २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी इशारा दिला की, २६ जानेवारी १९५० पासून हा देश विसंगतीच्या जीवनात प्रवेश करीत आहे. राजकारणात समता असेल, सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता असेल. ही विसंगती लवकर दूर केली नाही तर तिचे चटके बसलेले लोक लोकशाहीचा डोलारा उधळून लावतील. अमेरिकेने ती विसंगती सत्तर-ऐंशी वर्षे टोलविली आणि शेवटी यादवीत तिची किंमत मोजली. भारतीय प्रजासत्ताकानेही आता पंच्याहत्तरी ओलांडली आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी केंद्र सरकारने आगामी जनगणनेत जातीची नोंद करण्याचे जाहीर केले. १९३१ नंतर प्रथमच सर्व जातींची अशी गणती व्हावयाची. पण गणती झाली म्हणजे न्याय झाला, असे नव्हे. गणती मालकाच्या पारड्यातही पडू शकते, हे १७८७ ने दाखवून दिले आहे. मोजलेल्या माणसाच्या हाती मत, पत आणि जमीन पडते की नाही, हे कार्यकर्त्याने पाहावयाचे.

१९३२-३३ साली नाशिकरोडच्या तुरुंगात जयप्रकाश नारायण, अच्युत पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता आदी तरुण बंदी एकच प्रश्न घोळवीत होते : इंग्रज गेल्यावर स्वातंत्र्य कोणाचे? त्याच भिंतींपासून काही मैलांवर काळारामाच्या दारात दुसरे सत्याग्रही तोच प्रश्न निराळ्या शब्दांत विचारीत होते. त्या दोन प्रश्नांची गाठ वेळीच पक्की बसली असती, तर महाराष्ट्राचे राजकारण निराळे झाले असते. ती गाठ बांधण्याचे काम अजून संपलेले नाही.

शरणपूरच्या आफ्रिकन मुलांपैकी अनेकजण १८७४-७५ च्या सुमारास मोंबासाजवळील फ्रेअरटाउन येथे नव्याने मुक्त झालेल्या गुलामांना शिकविण्यासाठी परत गेले. ज्यांना एकदा माणूस म्हणून कोणी मोजले, ते इतरांची मोजणी करावयास निघाले. प्रजासत्ताकाचा याहून चांगला अर्थ कोणत्याही जाहीरनाम्यात सापडणार नाही.